गावातली पोलो न ट्रॅकचे ब्रेक: पॅड आणि डिस्कवर माझे पैसे कुठं बुडाले, कुठं वसूल झाले

आधीच सांगून टाकतो, गाडी माझी पोलो जीटी टीएसआय आहे, 2014 ची, सेकंडहँड, नागपूरहून आणलेली, 105 घोड्यांची. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तं हसणारे लय आहेत, हसा बाप्पा, पण आमच्या अचलपूर तालुक्यात संत्र्याचे कॅरेट भरलेल्या पिकअपला ओव्हरटेक करून ती निघते न तेव्हा तीच आमची फेरारी. वर्षातून एकदा, संत्र्याला भाव भेटला तं दोनदा, मी ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, घेऊन जातो. परतवाडा, बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा असं हजार किलोमीटरच्या आसपास पडते, ट्रेलर-बिलर काही नाही, चालवतच न्यायची न चालवतच आणायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी निवड इथूनच ठरली. जो पॅड, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दाबून धरणारी पट्टी, तिथं ट्रॅकवर दाबायचा तोच पॅड सातपुड्याच्या घाटातही लागणार न तोच आमच्या पांदणीत म्हैस आडवी आली तेव्हाही लागणार.

तीन वर्षांत तीन सेट झाले. पहिला फुकटचा, दुसरा शोबाजीचा, तिसरा अक्कल आल्यावरचा.

पहिला सेट म्हणजे आधीच्या मालकानं टाकलेले कोणते तरी लोकल पॅड. गावात काहीच तक्रार नव्हती, दूधवाला समोर आला, दाबला ब्रेक, थांबली गाडी. मग मी तेच घेऊन बुद्धला गेलो. ज्यांनी ट्रॅक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, 5.125 किमीचा ट्रॅक आहे, 2011 ते 2013 तीन वर्षं तिथं एफ वन झाली न तिन्ही वेळा वेटेलच जिंकला. तीन नंबरच्या वळणातून निघालं की किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागते, आणि त्याच्या शेवटी चार नंबरचं वळण. तिथं माझी पोट्टी 160 च्या वर पोचते न मला ती साठ-पासष्टवर आणावी लागते. आता गणित करा. गाडी न मी मिळून बाराशे किलो धरा, 160 वरून 60 वर आणताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. चुलीवर नाही भाऊ, चार-पाच सेकंदात! न त्यातला बराचसा भार पुढच्या दोन डिस्कवर, कारण माझ्या गाडीला मागे डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत न ब्रेक मारला की वजनही पुढंच येते. पुन्हा फेरी संपून तिथंच यायचं, पुन्हा साडेतीन लिटर, आणि मधली वळणं वेगळीच. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून "मी तं समृद्धीवर नेहमी शंभर-एकशेवीसनं जातो, मला काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा.

तिसऱ्या फेरीत जळका वास आला. चौथ्या फेरीत पेडल दगडासारखं कडक, मी त्याच्यावर अक्षरशः उभा, न गाडी सरकूनच राहिली. वळण हुकलं, बाजूच्या मोकळ्या जागेत गेलो, कशाला धडकलो नाही हे नशीब. हा पॅडचा फेड. पॅडमधला राळेसारखा जो बाइंडर असते तो जास्त तापला की सुटते, त्याचा गॅस होते, घर्षण घसरते. पेडल कडक पण गाडी थांबत नाही, ही त्याची खूण. याच्या उलट पेडल मऊ पडून खाली बसलं तं पॅडला शिव्या देऊ नका, तो वेगळा आजार आहे, पुढं सांगतोच.

गावी आलो न डोक्यात भूत बसलं की डिस्क बदलायच्या. बदलायला हरकत नव्हती, पण मी भैताडासारखा फोटो पाहून घेतल्या. भोकं पाडलेल्या, वरून खाचा मारलेल्या, मधला भाग सोनेरी, अलॉयमधून अशा दिसत की पोळ्याला सजवलेला बैलही लाजेल. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, नाव नाही घेत, सोबत त्यानंच गळ्यात मारलेले "प्युअर रेस" पॅड. एकूण तीसेक हजार गेले. बाबांना मी बारा सांगितले, तरी ते म्हणे, "चार चाकाच्या गाडीतले दोनच चाक थांबाले बारा हजार? अन् बाकीचे दोन काय मनानं थांबते?"

त्या रेस पॅडची गोष्ट आधी. ते पॅड खराब होते असं नाही, चुकीच्या जागी होते. अशा पॅडना दोनशे-तीनशे डिग्री चढल्याशिवाय पकड येत नाही न वर ते सात-आठशेपर्यंत टिकतात. ट्रॅकवर पहिली एक फेरी गरम करण्यात गेली की मग काय चावतात! पण डिसेंबरमध्ये सकाळी साडेसहाला, थंडीत, अंजनगाव रोडवर एक शेळी पळत आली न मी ब्रेक दाबला तं गाडी म्हणे थांब, आधी मी गरम होते. शेळी वाचली ती तिच्या स्वतःच्या हुशारीनं. त्या दिवसापासून कोणी "एकदम रेस कंपाउंडच टाक" म्हणलं की मी त्याला विचारतो, तुझ्या गावात शेळ्या आहेत का. म्हणून पॅड घेताना कमाल किती डिग्री हा आकडा पाहायच्या आधी किमान किती डिग्रीपासून काम करते तो पाहा. सगळे वरचाच आकडा पाहतात, मीही तोच पाहिला होता.

आता भोकांच्या डिस्क. पूर्वी पॅडमधून गॅस लय निघायचा, तो निघून जायला भोकं होती, तेव्हा त्याला अर्थ होता. आजचे चांगले पॅड तेवढा गॅस सोडत नाहीत. भोकं पाडली की डिस्कचं वजन कमी होते, म्हणजे उष्णता साठवायला लोखंडच कमी, आणि ओतीव लोखंडाला जिथं भोक तिथून चीर पडायला जागा. पोर्शसारखे लोक कंपनीतूनच भोकांच्या डिस्क देतात हे मला माहीत आहे, त्यांच्या डिस्क न माझ्या डिस्क यांच्या आकारात, धातूत, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा ते उदाहरण कमेंटमध्ये देऊ नका. माझ्या डिस्कला ट्रॅकवरच्या दोनच सेशनमध्ये (पाळ्यांमध्ये) तीन भोकांपासून केसासारख्या चिरा निघाल्या न एक चीर दोन भोकांना जोडून राहिली होती. नख फिरवलं की अडकायचं. तिथंच विषय संपला, अशी डिस्क वापरायची नसते.

आणि एक गोष्ट जी मला कुठंच वाचायला नाही भेटली, ती इथं लिहून ठेवतो. आपली काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलो की ती चिखलमाती त्या भोकांत अशी भरायची की जणू कोणी बोटानं लिंपून ठेवली, न वाळली की सिमेंट. प्रेशरनं धुतलं तरी निघत नव्हती, मी बांबूची काडी घेऊन एकेक भोक कोरत बसायचो, शेजारच्या काकू विचारायच्या "कायचे दात कोरून रायला रे गाडीचे?" तुमच्या गावाला काळी जमीन असेल तं भोकांची डिस्क घेऊच नका, माझ्याकडून एवढा एकच सल्ला ऐकला तरी चालते. नुसत्या खाचा असलेली चालून जाते, खाच पॅडचा वरचा चिकट थर न भुकटी खरवडत राहते, पण पॅडही जरा लवकर झिजते न आवाजही येते.

त्याच ट्रिपला दुसरा आजार पाहायला भेटला. दुसरं सेशन, पाचवी फेरी, पॅड मस्त चावून राहिले होते न अचानक चार नंबरला पेडल सरळ मॅटला टेकलं. दोन-तीनदा पंप मारला तेव्हा कुठं थोडा ब्रेक आला. ब्रेक ऑइल उकळलं होतं. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दबत नाही पण वाफ दबते, म्हणून पाय खाली जाते न कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यापर्यंत, जोर पोचतच नाही. ब्रेक ऑइलच्या डॉट नंबरानं जाती असतात, डॉट 3 चा उकळबिंदू नवीन असताना 205 डिग्री, डॉट 4 चा 230, डॉट 5.1 चा 260, हे कमीत कमी आकडे आहेत. पण हे ऑइल हवेतलं पाणी पिते, न पाणी पिलं की तेच आकडे 140, 155 न 180 वर येतात. मी तिथं गेलो होतो पावसाळा संपल्यावर, दोन वर्षं जुनं ऑइल घेऊन. आपल्याकडे लोकांना वाटते की मे महिन्यात 45 डिग्री ऊन पडते म्हणून विदर्भात ब्रेक तापते. अरे जिथं डिस्क चारशेवर जाते तिथं पंधरा-वीस डिग्री ऊन जास्त पडलं तं काय फरक पडते, ऑइलचा खरा दुश्मन आपला जून ते सप्टेंबर आहे. आता मी मोतुल आरबीएफ 600 टाकतो, ज्याचा कोरडा, म्हणजे पाणी न पिलेल्या नवीन ऑइलचा, उकळबिंदू 312 आहे, अर्धा लिटरची बाटली महाग वाटते पण सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त फरक मला तिनंच दिला. दरवर्षी बदलतो, ट्रिपच्या आधी. अन् डॉट 5 नावाचं सिलिकॉनवालं वेगळं असते, ते 5.1 चं भावंड नाही, चुकूनही मिसळू नका.

ऑइल बदलायचं काम परतवाड्यातच करतो. मिस्त्री ट्रॅक्टरचा आहे, मूळ काम लायनर न क्लच प्लेट, पण हात साफ. मी आत बसून पेडल मारतो, तो खाली पाना घेऊन, "मार… मार… मार… धर!" न नळीतून बुडबुडे येणं बंद होईपर्यंत हेच चालते. जुनं ऑइल बाटलीत पाहून तो म्हणे, "भाऊ, हे ऑइल हाय का बिनदुधाचा चहा?"

तिसऱ्या सेटच्या आधी मी एक काम केलं जे पहिल्याच वर्षी करायला पाहिजे होतं, तापमान मोजलं. डिस्कच्या कडेला लावायचे उष्णतेचे रंग येतात, हिरवा 430 डिग्रीला रंग बदलते, नारंगी 560 ला, लाल 610 ला. तिन्हीचे ठिपके लावून गेलो. हिरवा उडाला, नारंगी जसाच्या तसा. म्हणजे माझी डिस्क 430 च्या वर गेली पण 560 ला पोचली नाही. झालं, पॅड निवडायचा प्रश्न अर्धा सुटला! सात-आठशेवाला रेस पॅड मला लागतच नव्हता, माझ्या 105 घोड्यांत तेवढी उष्णता काढायची ताकदच नाही. पीटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथं, लोक ती दुरून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक रोखून फिरतात, पण चकचकीत डिस्कवर ती कमी आकडा दाखवते न पीटमध्ये येईपर्यंत डिस्क थंडही झालेली असते, त्यापेक्षा रंग खरं बोलते.

मग मी घेतला तो "फास्ट रोड न ट्रॅक डे" जातीचा पॅड, थंडीतही पहिल्या दाबात पकडणारा न पाचशेच्या आसपास टिकणारा. या पंगतीत फेरोडोचा डीएस2500, ईबीसीचा यलोस्टफ असे बरेच बसतात, तुमच्या कॅलिपरचा आकार कोणाकडे भेटते ते पाहा. माझ्याकडे नेमका कोणता आहे ते मुद्दाम नाही लिहून राहिलो, नाहीतर लोक गाडी, ट्रॅक, टायर काही न पाहता तोच मागवतात न मग मला फोन. पॅडच्या पाठीवर बहुतेक वेळा घर्षणाची दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं कमी तापमानाचं, दुसरं जास्त तापमानाचं. दोन्ही एफ म्हणजे घर्षणाचा आकडा साधारण 0.35 ते 0.45, दोन्ही जी म्हणजे 0.45 ते 0.55. पहिलं अक्षर खालचं न दुसरं वरचं असेल तं समजून घ्या की थंडीत शेळीला धोका आहे.

डिस्क साध्या. गुळगुळीत, ना भोक ना खाच, हाय कार्बनच्या, मधून हवा जाणाऱ्या, कंपनीच्याच मापाच्या. दिसायला एकदम गरीब. भावानं पाहिलं न म्हणे "काही टाकलं का नाही तू, मले तं जुन्याच दिसून रायल्या." नवीन असताना 22 मिमी जाडी, 19 ला आली की भंगारात, हा आकडा डिस्कच्या मधल्या भागावर कोरलेलाच असते, मिस्त्रीला व्हर्नियर लावायला लावा, अंदाजानं "अजून चालते भाऊ" नको. मोठी डिस्क टाकायचा मोह मलाही झाला होता, पण त्याला कॅलिपरचं ब्रॅकेट बदला, चाकात बसते का पाहा, न मागच्या ड्रमसोबतचा तोल बिघडते तो वेगळा. शिवाय एक गोष्ट लोकांना पटत नाही तरी सांगतो, एकाच जोराच्या ब्रेकमध्ये तुमचं एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल तं ब्रेकची ताकद पुरेशीच आहे, गाडी थांबवायचं काम शेवटी टायर करते. मोठी डिस्क पहिल्या ब्रेकसाठी नसते, पंधराव्या ब्रेकसाठी असते. आणि पंधराव्यासाठी माझं काम पॅड, ऑइल न साध्या डिस्कवरच भागलं.

खर्च सांगतो, पॅड चौदा हजार, डिस्कची जोडी आठ, ऑइल न मजुरी धरून पंचवीसच्या आत. म्हणजे शोबाजीपेक्षा स्वस्त.

नवीन पॅड न डिस्क टाकली की सरळ ट्रॅकवर नाही जायचं, त्यांची ओळख करून द्यावी लागते. पॅडचा एक पातळ सारखा थर डिस्कवर चढला पाहिजे, तोच थर मग पॅडला धरते. त्यासाठी ऐंशीवरून वीसपर्यंत दाबून आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा ऐंशी, पुन्हा वीस, असं आठ-दहा वेळा, मग ब्रेकला हात न लावता पंधरा-वीस मिनिटं नुसती चालवून थंड करायची. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, डब्यातला कागद वाचा. मी हे पहाटे आमच्या गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर केलं, एकही गाडी नव्हती, पण स्टँडच्या ओट्यावर एक आबाजी बसून पाहून राहिले होते. शेवटी परत येताना त्यांनी हातानं थांबवलं.

"काबे, बिरेक खराब हाय का?"

"नाही आबाजी, बिरेक चांगले करून रायलो."

"मंग पुरी थांबवत काऊन नाही? मी मोजलं, दहा खेप झाल्या, एकही खेप थांबली नाही."

आता थांबवत का नाही ते खरंच महत्त्वाचं आहे. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचा ठसा त्या एकाच जागी डिस्कवर उमटते, तिथला थर जाड होते न मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते. मिस्त्री म्हणते "डिस्क वाकडी झाली, खरादावर मारून आणू". बहुतेक वेळा डिस्क वाकडी झालेलीच नसते, थर उंचसखल झालेला असते. म्हणून ट्रॅकवरही शेवटची फेरी आरामात, न पीटमध्ये आलं की पेडलवर पाय नाही, हँडब्रेक नाही, गिअर पार्कमध्ये न चाकाला दगड. आबाजींना मी एवढं सगळं सांगितलं. ते म्हणे, "म्हणजे पोयाच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमयनी करते, तसंच हाय न." तसंच आहे बाप्पा, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

काही जण म्हणतील दोन सेट ठेव, गावात साधे न ट्रॅकवर रेसचे, पीटमध्ये बदल. केलं जाऊ शकते, पण दोन वेगळ्या मसाल्याचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून चालवले की एकाचा थर दुसऱ्याला सोसत नाही, मग डिस्कही दोन जोड्या पाहिजे, न हजार किलोमीटर डिकीत लोखंड वाहून नेणं माझ्या जिवावर येते. ज्यांच्याकडे ट्रेलर आहे त्यांनी करावं.

या सेटवर दोन ट्रॅक डे झाले, चिखलदऱ्याचा घाट किती वेळा उतरलो मोजलं नाही. घाटात मी गिअरबॉक्स मॅन्युअलवर टाकून खालच्या गिअरमध्येच उतरतो, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे जे असतात न त्यांच्या मागे राहिलं की वासानंच कळते. बुद्धवर सहा-सहा फेऱ्या मारल्या, पेडल शेवटपर्यंत जागच्या जागी. तोटे विचाराल तं या जातीच्या पॅडची काळी भुकटी अलॉयवर बसते, ती आठवड्यानं नाही धुतली तं चिकटते. सकाळी पहिल्या दोन ब्रेकला बारीक किंचाळतात, आमच्या गल्लीतली कुत्री आता त्या आवाजाला उठतात. डिस्कही साध्या पॅडपेक्षा जरा लवकर खाऊन जाईल असं दिसते, 22 ची 21.3 झाली आहे. घरच्यांसोबत लग्नाला-बिग्नाला जायचीच गाडी असेल तं यातलं काही घेऊ नका, कंपनीचे पॅड टाका न उरलेल्या पैशात ऑइल बदला.

चिरा पडलेल्या त्या सोनेरी डिस्क भंगारवाला लोखंडाच्या भावात मागत होता, मी नाही दिल्या. बाबांनी त्या खळ्यात तुरीच्या ढिगावरच्या ताडपत्रीला बांधल्या आहेत, भोकांतून सुतळी बरोबर ओवली जाते. मागच्या वादळात शेजाऱ्याची ताडपत्री उडून बांधावरच्या बाभळीत गेली, आमची जागची हलली नाही. बाबा तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "हे पाहा, बारा हजाराचे बिरेक."